नळीला मानवणारी गोळी कशी शोधायची?

डोंबिवलीच्या एका वडिलांचा प्रश्न आहे. मुलगी अकरावीत, दीड वर्षापासून १० मीटर एअर रायफल करते, सरावाला वरळीला येते. साठ शॉट्सची सरासरी दर शॉटला ९.६ गुणांच्या आसपास अडकली आहे. तिचे मामा अमेरिकेत मिनेसोटाला राहतात, हरणाच्या शिकारीच्या रायफलसाठी काडतुसे घरी स्वतः भरतात. त्यांचे म्हणणे असे की कारखान्याचा माल सगळ्यांसाठी असतो, आपल्या नळीसाठीचा माल आपणच तयार करायचा. वडील विचारतात, की मुलीसाठी असे काही करता येईल का? बाजारातली सर्वांत अचूक पेलेट, म्हणजे एअर रायफलची शिशाची गोळी, कोणती? आणि पुढे पॉइंट टू-टू (०.२२ इंच नळीच्या, काडतूस झाडणाऱ्या) रायफलला गेल्यावर काय?

आधी कायद्याचे बोलतो, तिथे संदिग्धता नको. आपल्याकडे काडतूस परवान्याशिवाय बनवता येत नाही. शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ५ मध्ये ते स्पष्ट आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा निर्मितीला किमान सात वर्षांची कैद आहे. शिकार तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे. म्हणजे मामांचा छंद त्यांच्या गावी रीतसर असला, तरी तो इथे आणायचा नाही. मुलीची १० मीटरची रायफल मात्र वेगळ्या कप्प्यात येते. ४.५ मिमी बोअरच्या (नळीच्या आतल्या व्यासाच्या) आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर रायफलला शस्त्र परवाना लागत नाही, आणि स्पर्धेच्या रायफलची ऊर्जा साडेसात-आठ ज्यूलच्या वर सहसा जात नाही.

मामांचा मूळ मुद्दा मात्र खरा आहे. प्रत्येक नळीला एखादी गोळी मानवते, एखादी मानवत नाही. एकाच कारखान्यातून एकाच दिवशी निघालेल्या दोन रायफली घ्या, त्यांची पसंती वेगळी निघते. मामा काय करतात? काडतुसाचे चार भाग असतात: पितळी केस, प्रायमर (ठिणगी देणारी टोपी), पावडर (दारू) आणि बुलेट. ते या चौघांची जुळणी थोडीथोडी बदलत जातात आणि नळीला कोणती आवडते ते कागदावर पाहतात. आपल्याला जुळणी बदलता येत नाही. आपण तयार मालाचे वेगवेगळे लॉट, म्हणजे कारखान्यात एका वेळी बनलेल्या खेपा, घेऊन नळीपुढे ठेवतो आणि तिला निवडू देतो. मामा गोळी घडवतात, आपण गोळी शोधतो. पण कागद वाचायची विद्या दोघांची एकच, आणि चुकतातही दोघे एकाच जागी. त्या जागेबद्दल मला जास्त बोलायचे आहे.

त्याआधी "सर्वांत अचूक पेलेट कोणती" याचे उत्तर. अशी पेलेट नाही. आरडब्ल्यूएसची आर १०, एचअँडएनची फिनाले मॅच, जेएसबीची मॅच, चीनची क्यूवायएस, या सगळ्यांनी मोठमोठ्या स्पर्धांत पदके मिळवली आहेत, आणि यांतल्या प्रत्येकीचा एखादा लॉट एखाद्या चांगल्या नळीतून वाईट गेलेला मी पाहिला आहे. पेलेट शिशाची असते, साच्यात दाबून बनवतात. साचा झिजतो, बदलला जातो, शिशाचा कडकपणा किंचित मागेपुढे होतो. डब्यावर डोक्याचा व्यास लिहिलेला असतो, ४.४९ किंवा ४.५०. तो सुरुवातीला दिशा दाखवतो, एवढेच. ४.४९ च्या दोन लॉटमध्ये जेवढा फरक निघतो, तेवढा कधीकधी ४.४९ आणि ४.५० मध्येही नसतो. पेलेटचे डोके नळीतल्या पिळाच्या कंगोऱ्यांवरून सरकते, मागचा पोकळ घेर हवेच्या दाबाने फुगून नळीला चिकटतो. ही दोन्ही कामे तुमच्या नळीच्या नेमक्या मापात कशी होतात यावर सगळे ठरते. म्हणून ब्रँड विचारू नका, डब्याच्या स्टिकरवरचा लॉट नंबर विचारा. माझ्या वहीत ब्रँडचे नाव लहान अक्षरात असते आणि लॉट नंबर मोठ्या.

आता कागद वाचण्याबद्दल.

काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी मी एका मुलाच्या रायफलसाठी नऊ लॉट तपासले. प्रत्येकाच्या पाच गोळ्या, एकेक ग्रूप, म्हणजे एकाच नेमावर झाडलेल्या गोळ्यांचा पुंजका. आठ ग्रूप साधारण सारखे आले. नववा इतका घट्ट, की पाच गोळ्यांचे मिळून एकच गोल भोक दिसत होते. आम्ही त्या लॉटचे बारा डबे उचलले. दोन महिन्यांनी राज्य स्पर्धेच्या आधी रायफल पुन्हा वाइसमध्ये (घट्ट धरून ठेवणाऱ्या शिकंज्यात) बांधून त्याच लॉटचे दहा-दहा गोळ्यांचे ग्रूप काढले, तर तो अगदी मधला निघाला. इतर आठांपेक्षा चांगला नाही, वाईटही नाही. लॉट बिघडला नव्हता, पहिल्या दिवशीही तो तसाच होता. पाच गोळ्यांवर विश्वास ठेवायची चूक माझी होती, आणि तिचे पैसे त्या मुलाच्या घरच्यांनी भरले. तेव्हापासून मी कुणालाही एका ग्रूपवर डबा घेऊ देत नाही.

असे का होते ते नीट समजून घ्या, कारण मामांच्या रायफललाही हेच लागू आहे. ग्रूपचे माप म्हणजे एकमेकींपासून सर्वांत दूर पडलेल्या दोन गोळ्यांमधले अंतर. गोळ्या जितक्या कमी, तितकी खरोखर दूरची गोळी त्यांत सापडण्याची शक्यता कमी. समजा मामांच्या रायफलचा १०० मीटरवर दहा गोळ्यांचा ग्रूप सरासरी ३८ मिमी येतो. त्याच रायफलने, त्याच काडतुसांनी तीन-तीन गोळ्यांचे ग्रूप काढले तर ते सरासरी २४ मिमी दिसतील आणि पाचांचे साधारण ३१. रायफल तीच, आपण तिला कमी प्रश्न विचारले म्हणून ती जास्त हुशार दिसली. शिवाय पाच गोळ्यांचा ग्रूप आपल्या सरासरीपासून पाव हिश्शाने लहान-मोठा सहज होतो. आता हुबेहूब एकसारखे नऊ डबे घ्या आणि प्रत्येकाचा एकेक पाच गोळ्यांचा ग्रूप काढा. त्यांत कुणीतरी पहिला येणारच, आणि त्याचा ग्रूप शेवटच्यापेक्षा बराच लहान असणार. फरक काहीच नसताना आपल्या हातात विजेता येतो. घरी काडतुसे भरणारा माणूस पावडर किंचित बदलून पाहतो, बुलेट किंचित आत-बाहेर करून पाहतो, प्रत्येक वेळी तीन गोळ्या झाडतो, आणि जिथे छान ग्रूप दिसला तिथे थांबतो. तो बहुतेक वेळा योगायोगापाशी थांबलेला असतो.

मामांच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. शिकारीत पहिली गोळी थंड नळीतून जाते, दुसरी झाडायची वेळ आलीच तर, आणि हरणाच्या छातीतली मर्माची जागा वीत-सव्वा वीत रुंद असते. १०० मीटरवर ३० मिमीचा ग्रूप आला काय आणि ४० चा आला काय, त्यांचे काम होते. तुमच्या मुलीच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आहे आणि तिला तिथे साठ वेळा जायचे आहे. तीन गोळ्यांची चाचणी त्यांना परवडते. तिला नाही.

दशांश गुणांचा हिशोब इथे कामाला येतो. एअर रायफलमध्ये पेलेटचे केंद्र टार्गेटच्या मध्यापासून २.५ मिमीवर असले की १०.० मिळतात, आणि तिथून आत दर पाव मिलिमीटरला ०.१ वाढतो. १०.९ साठी पाव मिलिमीटरच्या आत जावे लागते. २००८ मध्ये बीजिंगला अभिनव बिंद्राने ७००.५ गुणांनी सुवर्णपदक घेतले, रौप्यपदक ६९९.७ वर होते. अंतर ०.८ गुण. अंतिम फेरीतल्या दहा शॉट्सवर पसरले तर मिलिमीटरमध्ये हा फरक एकूण दोनच भरतो. इतक्या वर लॉटची निवड म्हणजे चैन नव्हे, गरज आहे.

पण तुमची मुलगी आज तिथे नाही, म्हणून हिशोब तिच्यासाठी करून देतो. ९.६ ची सरासरी म्हणजे तिची गोळी मध्यापासून सरासरी ३.४ मिमी दूर पडते. चांगला लॉट वाइसमधून सरासरी अर्धा मिलिमीटर विखुरतो, सुमार लॉट सुमारे ०.८. हे दोन विखुरणे सरळ बेरीज होऊन एकत्र येत नाहीत. वर्गांची बेरीज आणि मग वर्गमूळ, शाळेतल्या पायथागोरससारखे. म्हणून मोठी चूक लहान चुकीला गिळून टाकते. मी मांडून पाहिले तर सुमार लॉटमुळे तिचे साठ शॉट्समध्ये सुमारे दीड गुण जातात. ५७६ मधले दीड गुण. तिचा स्कोअर एका दिवसापासून दुसऱ्या दिवसापर्यंत याच्या कितीतरी पट हलत असेल. आता १०.४ ची सरासरी, म्हणजे ६२४ मारणारी मुलगी घ्या. तिला तोच सुमार लॉट दिला तर सव्वातीन गुणांच्या आसपास फटका बसतो, आणि त्या पातळीवर सव्वातीन गुणांत बारा-पंधरा नावे असतात.

म्हणून माझा सल्ला असा. आत्ता एका मान्यवर ब्रँडच्या, आधी तपासलेल्या एखाद्या लॉटचे तीन-चार डबे घ्या आणि वर्षभर पेलेटचा विषय बंद ठेवा. तिचे गुण स्टान्समध्ये, म्हणजे उभे राहण्याच्या ढबीत आहेत, जॅकेटच्या फिटिंगमध्ये आहेत, ट्रिगरवरच्या बोटात आहेत, शॉट सुटल्यानंतर रायफल धरून ठेवण्यात आहेत. सरासरी १०.२ ओलांडली, म्हणजे ६१२ नियमित येऊ लागले, की लॉट तपासायला बसा. हे सांगितल्यावर पालकांचा चेहरा उतरतो हे मला माहीत आहे. डबा विकत घेता येतो, फॉलो-थ्रू विकत घेता येत नाही.

ती वेळ येईल तेव्हा चाचणी कशी करायची ते आत्ताच लिहून ठेवतो.

आधी रायफल तपासा. स्टॉकचे स्क्रू ढिले असणे, मागची साइट (नेम धरायचा भाग) किंचित हलणे, नळीत शिशाचा थर बसलेला असणे, यांतले काहीही असेल तर सगळे लॉट वाईट दिसतात आणि दोष पेलेटवर जातो. माझ्याकडे "पेलेट बिघडली" म्हणून आलेल्या रायफलींपैकी निम्म्यांच्या बाबतीत तरी पाना फिरवल्यावर पेलेट सुधारली. नळी फेल्टच्या गोळ्यांनी साफ केली असेल तर पुढच्या दहा-वीस पेलेट मोजायच्या नाहीत. नवा ब्रँड सुरू करतानाही तेच, कारण नळीला आधीच्या मालाची सवय झालेली असते.

रायफल वाइसमध्ये बांधून, माणसाला बाजूला ठेवून चाचणी करणे उत्तम. अनुभवी कोच किंवा आर्मररकडे (रायफल दुरुस्त करणाऱ्याकडे) तशी सोय बहुधा असते. ती नसेल तर टेबलावर वाळूच्या पिशव्या आणि एक स्थिर हात. पण मग मोजले जाईल ते पेलेट अधिक हात. रायफलचा हवेचा सिलिंडर प्रत्येक वेळी सारख्या दाबावर भरा. दाब स्थिर ठेवणारा रेग्युलेटर असला तरी काटा अगदी खाली जाऊ देऊ नका. एसीचा झोत लेनवर येत असेल तर बंद करायला सांगा. वेगातल्या फरकाची भीती १० मीटरवर फार बाळगू नका. दोन मीटर प्रति सेकंदाचा फरक पडला तरी पेलेट अर्धा मिलिमीटरसुद्धा वर-खाली होत नाही. अर्थात आपल्या खेळात अर्धा मिलिमीटर म्हणजे दोन दशांश, म्हणून त्याकडे दुर्लक्षही करू नका.

पहिल्या फेरीत आठ-दहा लॉट, प्रत्येकाचे दहा शॉट्स. इथे फक्त उघड नापास होणारे काढायचे, विजेता ठरवायचा नाही. दुसऱ्या फेरीत उरलेले तीन, प्रत्येकाचे दहा-दहा गोळ्यांचे पाच ग्रूप. आणि ते एकापाठोपाठ एक नाही: अ, ब, क, मग पुन्हा अ, ब, क, असे आलटून पालटून. सकाळपासून दुपारपर्यंत खोली तापते, दाब बदलतो, माणूस थकतो. एक लॉट सगळा सकाळी आणि दुसरा सगळा दुपारी तपासला तर आपण दिवसाचे तास मोजतो. आणखी एक सवय ठेवा. डब्यांवर नाव झाकून चिठ्ठी चिकटवा, आणि कोणती चिठ्ठी कशाची ते गोळी झाडणाऱ्याला कळू देऊ नका. महाग डब्याचा ग्रूप मोजताना कॅलिपरचे (मापकाचे) जबडे नकळत जरा घट्ट दाबले जातात. हे मी माझ्याच हाताने होताना पाहिले आहे.

मोजताना कागदावरच्या भोकांच्या बाहेरच्या कडांमधले अंतर घ्या, त्यातून ४.५ वजा करा. बाहेरून ६ मिमी भरला तर दीड मिमीचा ग्रूप. दहा गोळ्यांचा असा ग्रूप पुन्हापुन्हा येत असेल तर तो लॉट उत्तम. ७ येत असेल तर सरावाचा. आणि पाच ग्रूपमधला सर्वांत सुंदर कागद फ्रेम करून ठेवू नका. पाचांची सरासरी वहीत लिहा, आणि पाचांतला सर्वांत वाईटही लिहा, कारण स्पर्धेत तोही येणार आहे. इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर प्रत्येक गोळीचे स्थान मिळते. तिथे ग्रूपच्या टोकांपेक्षा सर्व गोळ्यांचे ग्रूपच्या मध्यापासूनचे सरासरी अंतर काढा. त्यात दहाही गोळ्या बोलतात, फक्त दोन नाही, आणि कमी गोळ्यांत जास्त भरवशाचे उत्तर मिळते.

पेलेट एकेक करून काट्यावर तोलावी का, असे पुष्कळ जण विचारतात. चांगल्या लॉटमध्ये ०.५३ ग्रॅमच्या आसपास वजनाचा फरक इतका थोडा असतो, की त्या दोन तासांत ड्राय सराव (पेलेट न भरता) केलेला बरा. वाईट लॉट तोलून चांगला होत नाही. पण भरण्याआधी प्रत्येक पेलेटकडे एक नजर टाकायची. मागचा घेर दबलेला असेल तर बाजूला. जमिनीवर पडलेली पेलेट पुन्हा रायफलीत जात नाही, कितीही चांगली दिसली तरी.

मुंबईत एक काम इतर शहरांपेक्षा जास्त करावे लागते: साठवण. जून ते सप्टेंबर हवेत इतका दमटपणा असतो की उघड्या डब्यातल्या शिशावर पांढरी भुकटी चढते. एकदा एका मुलीचा अर्धा डबा पावसाळाभर रेंजच्या लॉकरमध्ये राहिला. ऑगस्टअखेर झाकण उघडले तर वरचा थर पिठात घोळल्यासारखा. ती पेलेट पुसून, धुऊन वापरायची नाही. भुकटी नळीत जाते, माप बिघडलेले असते, आणि शिशाची भुकटी श्वासात जाणे तर वाईटच. डबे हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. पुड्या महिन्याला बदला, किंवा रंग बदलणाऱ्या घ्या आणि तापवून पुन्हा वापरा. दुसरे म्हणजे लोकल. डोंबिवलीहून दादरपर्यंतच्या गर्दीत बॅग किती आपटते ते मी तुम्हाला सांगायला नको. अर्धा भरलेला डबा खुळखुळतो आणि शिशाचे मऊ घेर एकमेकांवर आपटून दबतात. वर फोमची गोल चकती कापून बसवा, किंवा स्पर्धेच्या दिवशी साठ अधिक सायटर्स (आधीचे, न मोजले जाणारे शॉट्स) एवढ्याच पेलेट खाचांच्या छोट्या ट्रेमध्ये न्या. आणि रेंजवरून निघताना साबणाने हात धुतल्याशिवाय वडापाव नको. ही शिस्त पहिल्या दिवसापासून लावा, मुलांना आठवण करून द्यायला कंटाळू नका.

खरेदी एकदम करायची. लॉट ठरला की वर्षाचा हिशोब मांडा. समजा आठ स्पर्धा, प्रत्येकी सायटर्ससह शंभर, म्हणजे आठशे, शिवाय स्पर्धेआधीच्या सरावाच्या दोन हजार. पाचशेचे सहा डबे झाले. तेवढे त्याच लॉटचे उचला, कारण तीन महिन्यांनी दुकानात त्याच नावाचा डबा मिळेल, तोच लॉट मिळेलच असे नाही. रोजच्या सरावाला स्वस्त पेलेट चालते. फक्त स्पर्धेच्या दोन आठवडे आधी चांगल्या लॉटवर या, म्हणजे साइट फिरवून जुळवायची क्लिक्स आणि मन दोन्ही जागेवर येतात.

आता पॉइंट टू-टू. २०२४ ला पॅरिसमध्ये आपल्या कोल्हापूरच्या स्वप्निल कुसळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने) कांस्यपदक घेतले, या प्रकारातले भारताचे पहिले ऑलिंपिक पदक. तेव्हापासून एअर रायफल सुरू होऊन वर्ष होत नाही तोच पालक पॉइंट टू-टूचे विचारू लागले आहेत. घाई नको. पण मामांची पद्धत इथे का चालत नाही ते सांगतो. कायद्याचा प्रश्न बाजूला ठेवला तरी हे काडतूस पुन्हा भरण्याजोगे नसते. त्याचा पेट घेणारा मसाला वेगळ्या प्रायमरमध्ये नसून केसच्या तळाच्या दुमडलेल्या काठात असतो, आणि फायरिंग पिन तो काठच चेपते. केस एकदा वापरली की संपली. अमेरिकेतले काडतुसे भरणारेसुद्धा हे काडतूस विकतच घेतात, आणि आपल्यासारखेच लॉट शोधतात.

इथे लॉटचे महत्त्व एअर रायफलपेक्षा पुष्कळ जास्त. बुलेट सुमारे २.६ ग्रॅमची, वेग ध्वनीच्या जरा खाली, सेकंदाला ३२०-३३० मीटर. दोन काडतुसांच्या वेगात तीन मीटर प्रति सेकंदाचा फरक पडला, तर ५० मीटरवर उंचीत दोन मिलिमीटरहून थोडा जास्त फरक पडतो. दहाचे वर्तुळ १०.४ मिमीचे आहे, म्हणजे हे अंतर थोडे नाही. उंच-सखल विखुरलेला, पण आडवा अरुंद ग्रूप दिसला की वेगाचा संशय घ्यायचा. एली टेनेक्स या स्पर्धेच्या काडतुसांच्या खोक्यावर लॉट नंबरसोबत वेगही छापलेला असतो. मात्र अमुक वेगच चांगला असे काही नसते. गोळी सुटताना नळी थरथरते, आणि तिच्या थरथरण्याच्या कोणत्या क्षणी बुलेट बाहेर पडते यावर त्या नळीची पसंती ठरते. बुलेटवरचे मेण उष्णतेत मऊ होते, थंडीत कडक. मुंबईच्या मेमध्ये निवडलेला लॉट दिल्लीच्या डिसेंबरमध्ये, डॉ. कर्णी सिंग रेंजच्या सकाळच्या गारठ्यात, वेगळा वागू शकतो. राष्ट्रीय स्पर्धेला जाणार असाल तर तिथे पोहोचल्यावर सरावाच्या दिवशी निदान दोन लॉट झाडून पाहा, आणि काडतुसे उन्हात किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका. मुंबईत उघड्या रेंजवर चाचणी करायची तर पहाट गाठा. दुपारी समुद्राकडून वारा सुरू झाला की ५० मीटरवर लॉटमधला फरक आणि वाऱ्याची झुळूक वेगळी ओळखता येत नाही. परवाना, कोटा, आयात यांचे कागद क्लब आणि राज्य संघटनेमार्फतच होऊ द्या, ओळखीच्या ओळखीने कुणी खोके देऊ केले तरी घेऊ नका.

मामांबद्दल शेवटचे. ते भारतात येतील तेव्हा प्रेमाने भाचीसाठी काहीतरी आणतील. त्यांना आधीच बजावून ठेवा की बॅगेत एकही काडतूस, भरलेले असो की चुकून खिशात राहिलेले, आणायचे नाही. शिकारीच्या जॅकेटचे खिसे, बॅगेचे कप्पे, सगळे निघण्याआधी उलटे करून पाहायला सांगा. विमानतळावर एक काडतूस सापडले तरी गुन्हा दाखल होतो, आणि "विसरून राहिले" हे सांगत महिने जातात. कॅलिपरसुद्धा तिकडून मागवायची गरज नाही, ०.०१ मिमी दाखवणारा डिजिटल कॅलिपर नागदेवी स्ट्रीटला मिळतो. त्यांच्याकडून मागायचेच असेल तर त्यांची वही मागा. घरी काडतुसे भरणारे बहुतेक जण प्रत्येक ग्रूपची तारीख, तापमान आणि माप लिहून ठेवतात. मुलीला ती वही दाखवा आणि तशीच एक तिच्यासाठी आजपासून सुरू करा. पहिल्या पानावर आत्ता वापरात असलेल्या डब्याचा लॉट नंबर लिहायचा.